आडात नाही, ते पोहऱ्यात

नमस्कार, श्रोतेहो. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार,’ असं आपण म्हणतो. आजची हकीकत नेमकी उलटी आहे. आड मालकानेच कोरडा केला, आणि पाणी मिळालं ते परदेशी गेलेल्या पोहऱ्यांत.

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथा मालिका सुरू झाली. पहिल्या भागाचे दिग्दर्शक वारिस हुसेन मूळचे लखनौचे, हे जाता जाता सांगतो. त्या काळी व्हिडिओटेप भलतीच महाग. कार्यक्रम दाखवून झाला की टेप पुसायची आणि दुसऱ्याला वापरायची, असा रिवाज. कलाकारांच्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणालाही मर्यादा होती. पुढे रंगीत टीव्ही आला आणि कृष्णधवल भागांना गिऱ्हाईकच उरलं नाही. फेकाफेकी थांबायला १९७८ उजाडलं. साठच्या दशकातल्या नव्वदहून अधिक भागांचा आजही पत्ता नाही.

पण परदेशी विक्रीसाठी या भागांच्या १६ मिलिमीटर फिल्मवर प्रती निघत. टीव्हीची तांत्रिक पद्धत देशोदेशी वेगळी, फिल्म मात्र कुठेही चालायची. ऑस्ट्रेलिया, सायप्रस, हाँगकाँग, नायजेरिया असे डबे फिरले. एका देशाचं दाखवून झालं की डबे परत करायचे, पुढच्या देशाला धाडायचे, नाहीतर नष्ट करायचे. कुणीतरी यातलं काहीच केलं नाही. अशा कामचुकार माणसाचे खरं तर पाय धरायला हवेत! हाँगकाँगमध्ये राहून गेलेल्या डब्यांमुळेच ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही चार भागांची कथा १९९२मध्ये लोकांना पुन्हा पाहता आली.

ऑस्ट्रेलियाचा किस्सा तर मला फारच आवडतो. तिथल्या सेन्सॉरला ही मालिका मुलांसाठी जरा जास्तच भीतिदायक वाटे. मग कात्री चाले. कुणाचा गळा आवळला जातोय, कुणी किंचाळतंय, तेवढे तुकडे कापायचे. पुढे मूळ भाग गेले, पण सरकारी खाक्याप्रमाणे कापलेले तुकडे दप्तरी जपून राहिले! १९९६मध्ये ते तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडले. म्हणजे काही भागांतलं आज हलताना दिसतं ते जवळजवळ तेवढंच, जे मुलांनी पाहू नये म्हणून काढलं होतं.

सगळ्यात मोठं घबाड लागलं नायजेरियातल्या जोस शहरी, एका प्रक्षेपण केंद्रात. फिलिप मॉरिस हे जुन्या फिल्म्सचा माग काढत तिथे पोचले आणि धुळीने माखलेल्या डब्यांतून ११ भाग निघाले. त्यातले ९ हरवलेल्यांपैकी होते. ऑक्टोबर २०१३मध्ये बातमी जाहीर झाली. ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ ही कथा पूर्ण झाली. ‘द वेब ऑफ फिअर’मधला तिसरा भाग तेवढा नाही मिळाला. आणि नेमका त्याच भागात मालिकेतला पुढे अतिशय लाडका झालेला लष्करी अधिकारी, लेथब्रिज-स्टुअर्ट, पहिल्यांदा येतो. प्रसारणाच्या वेळी प्रेक्षकांनी घरी ध्वनिमुद्रण करून ठेवलं होतं, म्हणून त्याचा आवाज आहे. चित्र मात्र २०२१मध्ये ॲनिमेशनने नव्याने करावं लागलं.