तांबड्या पेशीचे मऊपण

श्रोतेहो, नमस्कार.

मधुमेहाचा विषय निघाला की आपण आकड्यांवर येतो. उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, तीन महिन्यांची सरासरी किती. ही साखर ज्या रक्तातून फिरते, त्या रक्तातल्या तांबड्या पेशीवर तिचा काय परिणाम होतो, याविषयी आज मी बोलणार आहे. रक्ततपासणीच्या कामात या पेशी मी रोज पाहते आणि त्यांच्याविषयी फार कमी बोलले जाते असे मला मनापासून वाटते.

तांबडी पेशी साधारण साडेसात ते आठ मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद, दोन्ही बाजूंनी मध्यभागी खोलगट. आपल्या शरीरातल्या कित्येक केशवाहिन्या मात्र जेमतेम पाच मायक्रोमीटरच्या किंवा त्याहूनही अरुंद असतात. म्हणजे प्रत्येक फेरीत या पेशीला अंग चोरून, जवळजवळ दुमडून पलीकडे जावे लागते, आणि तिचे आयुष्य असते सुमारे 120 दिवसांचे. हे तिला जमते ते तिच्या पटलामुळे, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणामुळे. स्निग्ध पदार्थांचा दुहेरी थर, त्यात कोलेस्टेरॉल आणि प्रथिने, आणि आतून अस्तरासारखी स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची लवचिक जाळी, अशी त्याची घडण असते.

आता साखरेकडे येऊ. स्नायूंच्या पेशींत ग्लुकोज शिरायला बहुतांशी इन्सुलिनची मदत लागते. तांबड्या पेशीला ती लागत नाही. तिचे दार कायम उघडे असते, त्यामुळे बाहेर साखर वाढली की आतही वाढते. ही जादा साखर कोणत्याही विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीशिवाय प्रथिनांना चिकटत जाते. हिमोग्लोबिनला चिकटते, तशी ती स्पेक्ट्रिनलाही आणि पटलातल्या इतर प्रथिनांनाही चिकटते. त्याच वेळी ऑक्सिडीकरणाचा ताण वाढून पटलातील स्निग्ध पदार्थ खराब होऊ लागतात. सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ठेवणारा पटलातला पंप मधुमेहात मंदावलेला असतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. एरवी पटलाच्या आतल्या बाजूला राहणारा फॉस्फॅटिडिलसेरिन हा घटक अशा वेळी बाहेरच्या बाजूला येऊ शकतो. ही पेशी आता काढून टाका, अशी खूण त्यातून भक्षक पेशींना मिळते, आणि रक्त गोठण्याच्या क्रियेलाही त्याने चालना मिळते. तांबड्या पेशीत केंद्रकच नसल्यामुळे बिघडलेल्या प्रथिनाच्या जागी नवे प्रथिन तिला तयार करता येत नाही. झालेली हानी घेऊनच तिला उरलेले दिवस काढावे लागतात.

काचपट्टीवर रक्ताचा थेंब पाहताना कधी कधी पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळतीसारख्या रांगेत दिसतात. पटलावरचा ऋण विद्युतभार पेशींना एकमेकींपासून दूर ठेवतो. मधुमेहात तो कमी होऊ शकतो, आणि रक्तातले फायब्रिनोजेन हे रक्त गोठवण्याच्या कामातले प्रथिन वाढलेले असले तर चळती अधिक सहज जमतात. अशा चळती जितक्या जास्त, तितका ईएसआर, म्हणजे नळीतल्या रक्तात तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग, वाढतो. अर्थात ईएसआर इतर अनेक कारणांनीही वाढतो, म्हणून केवळ त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

साखरेच्या या हानीने मऊपण जाऊन कडक झालेली पेशी डोळ्यातल्या दृष्टिपटलाच्या आणि मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्यांतून सहज सरकत नाही. मधुमेहात या वाहिन्यांच्या भिंतींनाही स्वतंत्रपणे इजा होत असते आणि मुख्य दोष तिथलाच आहे. परंतु अरुंद झालेल्या वाटेने ताठर पेशी जाऊ लागली तर अडचण वाढणार, हे उघड आहे.

1968 साली तेहरानमध्ये सॅम्युअल रहबर यांना मधुमेही रुग्णांच्या रक्तात वेगळे हिमोग्लोबिन आढळले, आणि पुढे त्यातूनच आजची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी आली. पेशी जितके दिवस जगते तितके दिवस तिच्यावर साखर जमत राहते, या हिशेबावर ती चाचणी उभी आहे. म्हणून पेशीचे आयुष्यच घटले तर हा आकडा खरी साखर असेल त्यापेक्षा कमी दिसतो. विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या होऊन लवकर नष्ट होणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण बरेच आहेत आणि त्यांच्या बाबतीत असे घडू शकते. उलट लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या पंडुरोगात तो आकडा जास्त दिसू शकतो, आणि आपल्याकडे असे रक्त कमी असलेल्या बायका घरोघरी आहेत. तेव्हा सिकलसेल, पंडुरोग किंवा नुकतेच चढवलेले रक्त, यांपैकी काही असेल तर चाचणीआधी डॉक्टरांना जरूर सांगावे. अशा वेळी ते मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर दाखवणारी फ्रुक्टोसामिनची चाचणी सुचवू शकतात. ती रक्तद्रवातल्या प्रथिनांवर होते, त्यामुळे तांबड्या पेशीच्या आयुष्यावर ती अवलंबून नसते.