पहिला काप: ठाण्यातल्या पॅथॉलॉजी लॅबमधून

नौपाड्यातल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर ही लॅब. खाली रिक्षांचे हॉर्न, वर ग्रॉसिंग टेबलचा, म्हणजे तपासायला आलेले तुकडे कापायच्या टेबलचा, एक्झॉस्ट. समोर फॉर्मेलिनमधून (तुकडा कुजू नये म्हणून वापरायचं द्रावण) काढलेली स्तनातली गाठ आहे, आजूबाजूच्या चरबीसकट. काल आल्याबरोबर, कड नंतर ओळखता यावी म्हणून, कडांना शाई लावून तिला चिरा देऊन ठेवल्या होत्या, कारण फॉर्मेलिन आत शिरतं ते फार हळू, तासाला जेमतेम एक मिलिमीटर.

बायोप्सीचा रिपोर्ट म्हटलं की सगळ्यांना मायक्रोस्कोप आठवतो, पण मायक्रोस्कोपखाली काय दिसणार हे आधी पात्यावर ठरतं.

एवढ्या मोठ्या तुकड्याला छोटं स्कॅल्पेल पुरत नाही, लांब पात्याची सुरी लागते आणि ती एका ओढीत न्यायची, मागेपुढे घासली की चरबी फाटते, शाई आत ओढली जाते आणि मग गाठ कडेपर्यंत पोचलीये का हे सांगता येत नाही, आणि सर्जन तर त्याचीच वाट बघत असतो.

कॅसेटमध्ये, म्हणजे छोट्या जाळीदार डबीत, घालायचे काप मात्र 22 नंबरच्या ब्लेडने, 4 नंबरच्या हँडलवर. जाडी 3 ते 4 मिलिमीटर, जास्त नको, झाकणाखाली टिश्यू दाबला जातो आणि केमिकल आत नीट पोचत नाही. चामडीच्या छोट्या बायोप्सीला 15 नंबर. आतडं कात्रीने उघडायचं. हाडाला करवत, पुढे ते ॲसिडमध्ये मऊ करायचं. आणि एंडोस्कोपीचे ते कणभर तुकडे? ते कापायचेच नाहीत, दातेरी चिमट्याने धरायचेही नाहीत, पेशी चिरडल्या की त्यातून काहीच वाचता येत नाही.

एक पेशंट झाला की ब्लेड बदला, सुरी आणि बोर्ड पुसून घ्या. एकाच्या गाठीचा कण दुसऱ्याच्या स्लाइडवर गेला तर काय होईल, विचार करा. ब्लेडमध्ये पैसे वाचवणं मला म्हणूनच अजिबात पटत नाही.

आता मायक्रोटोम, स्लाइडसाठी अगदी पातळ काप काढायचं यंत्र. कॅसेटमधला टिश्यू मेणात बसवून त्याचा ब्लॉक करतात, आणि इथे त्या ब्लॉकमधून 3-4 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सेक्शन, म्हणजे काप, निघतात. पूर्वी जाड स्टीलची सुरी असायची, तिला धार लावणं हेच एक मोठं काम. आता डिस्पोजेबल ब्लेड: रोजच्या कामाला लो प्रोफाइल (अरुंद), कडक टिश्यूला किंवा मोठ्या ब्लॉकला हाय प्रोफाइल (रुंद). रिबनमध्ये, म्हणजे एकाला एक जोडून निघणाऱ्या सेक्शनच्या पट्टीत, उभी रेघ आली तर बऱ्याचदा धारेला खाच पडलेली असते, आडव्या पट्ट्या आल्या तर ब्लेड नीट घट्ट बसलंय का आणि कोन बरोबर आहे का ते बघा. ठाण्याच्या मे महिन्यात मेण मऊ पडतं, सेक्शन आक्रसतात, म्हणून ब्लॉक बर्फावर. ट्रिमिंग, म्हणजे ब्लॉकवरचं जादा मेण काढणं, ब्लेडच्या एका टोकाने करायचं, सेक्शन कोऱ्या भागाने.

ब्लॉक बदलताना चाकाला लॉक आणि ब्लेडवर गार्ड. वापरलेलं ब्लेड हाताने काढायचं नाही, चिमट्याने काढून थेट पांढऱ्या, ब्लेड आरपार जाणार नाही अशा डब्यात, बायोमेडिकल वेस्टच्या 2016 च्या नियमात शार्प्ससाठी, म्हणजे टोकदार-धारदार कचऱ्यासाठी, तोच डबा सांगितलाय.