सवकास वच

(दृश्य : पहाटेचं अंगण. तुळशीवृंदावन. त्यामागे एकच टिपर, मागचा हौदा वर उचलून माल ओतणारा ट्रक.)

आता हा एकच उरलाय. 2011 साली याच अंगणात सात टिपर उभे असायचे, एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं नाक. ज्याची गाडी सगळ्यांत आत, त्याला बाकी सहा जणांचा चहा होईपर्यंत ताटकळावं लागायचं. ती गाडी बहुधा माझीच. घरात सगळ्यांत धाकटा मी.

गोव्यात, डिचोली तालुक्यातलं आमचं घर. बाबा, काका, दोन चुलतभाऊ, मी आणि पगारावरचे दोन ड्रायव्हर, अशी खाणीचा माल वाहणारी आमची फर्म. ऑफिस म्हणजे स्वयंपाकघरातलं फडताळ. तिथे आईची वही असायची. प्रत्येक गाडीला एक पान, प्रत्येक ट्रिपला एक उभी रेघ, पाचवी रेघ आडवी. पगारावरच्या ड्रायव्हरांना त्या रेघांवर भत्ता मिळायचा. आम्हाला नाही. घरच्याला कसला भत्ता, असं काका म्हणायचे. तरी रेघा सगळ्यांत जास्त आम्हीच ओढून घ्यायचो.

बाबांची पहिली गाडी जुनी टाटा 1210. मी शिकलो 1613 वर. आजोबांच्या वेळी, पोर्तुगीज असताना, इथलं लोहखनिज जपानला जायला लागलं, तेव्हा माल माणसं हातांनी भरायची, टोपल्यांनी. आमच्या काळात लोडर आला आणि सात-आठ बकेटांत गाडी तयार.

(दृश्य : पिसुर्ले – होंडा – साखळी – न्हावेली – आमोणा. गाडीच्या काचेतून रस्ता.)

पिसुर्ल्याच्या खाणीतून भरायचं, होंडा, साखळी, न्हावेली करत आमोण्याच्या जेटीवर ओतायचं. तिथून बार्ज, म्हणजे मालवाहू होडी, मांडवी नदीतून मुरगाव बंदराला, आणि तिथे जहाज. आपला माल जहाजात चढताना मी कधी पाहिला नाही. जेटीच्या पुढचं जग आमच्या वहीत नव्हतं.

लोखंडाचा माल फसवा. वजनाला भारी, दिसायला थोडा. 10 टन टाकले तरी हौद्यात रिकामी जागा उरते. ती जागा लोडरवाल्याला बघवत नाही, मालकाला तर त्याहून नाही. आणखी एक बकेट पडते. स्प्रिंगचे पाटे उलटे वाकतात, स्टिअरिंग हातात हलकं लागायला लागतं. हलकं लागलं की समजायचं, पुढची चाकं जमिनीला नीट टेकत नाहीत. हे मला कुणी शिकवलं नाही, साखळीच्या उतारावर कळलं.

2003-04 नंतर चीनची मागणी वाढत गेली. पूर्वी ज्या हलक्या प्रतीच्या मालाला कुणी विचारत नव्हतं, तो जुन्या ढिगाऱ्यांतून उकरून बाहेर निघाला. 2010-11 मध्ये गोव्यातून 5 कोटी टनांवर खनिज बाहेर गेलं. आमच्याकडे तीन गाड्या होत्या, त्या सात झाल्या. चार कर्जावर. बँकेचा माणूस घरी येऊन चहा पिऊन जायचा, एवढं कर्ज सोपं होतं.

बाबांची दोन वाक्यं होती. सकाळी मी केबिनमध्ये चढताना म्हणायचे, "सवकास वच." हळू जा. आणि संध्याकाळी अंगणात गाडी वळवताच, "कितल्यो जाल्यो?" किती झाल्या? दोन्ही मनापासून. ही दोन्ही एका दिवसात बसत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं. सावकाश गेलं तर चार ट्रिपा होतात. त्यांना सहा हव्या असायच्या.

(दृश्य : वर उचललेला हौदा, खालून. जॅकचा दांडा तेलाने चमकतोय.)

2009 चा मे. आदल्या रात्री वळीव पडून गेलेला. बारीक माल ओला झाला की मळलेल्या कणकेसारखा हौद्याला चिकटतो. जेटीवर गाडी मागे घेतली, पीटीओ टाकला, म्हणजे इंजिनाची ताकद हौदा उचलणाऱ्या जॅकला जोडली, जॅक वर जायला लागला. हौद्याचा मागचा फाळका उघडला, मागचा थोडा माल पडला आणि पुढचा, केबिनच्या पाठीमागचा, तसाच चिकटून राहिला. हौदा पूर्ण उभा, आणि सगळं वजन वर टोकाला. अशा वेळी हौदा खाली आणायचा, फावडं घ्यायचं, माल मोकळा करायचा. अर्धा तास जातो. माझ्या मागे नऊ गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि ती माझी पाचवी ट्रिप होती. मी गाडी जरा पुढे घेऊन कच्चकन ब्रेक मारला, झटक्याने पडेल म्हणून. सगळेच मारायचे.

डावं मागचं चाक मऊ मातीत बसलं. गाडी पटकन पडली नाही. म्हैस बसते तशी, विचार करून कलंडली. मी दरवाजाला लटकलेला, खाली काचेतून जमीन जवळ येताना दिसत होती. शेवटी पत्र्याचा जो आवाज झाला, तो अजून कधी कधी झोपेत ऐकू येतो.

बाबा स्कूटरवर आले. "लागलें ना मरे?" लागलं नाही ना रे? एवढंच विचारलं. मग चॅसीकडे बघत बराच वेळ उभे राहिले.

माल मात्र जेटीवरच सांडला होता. म्हणजे पोचला होता. रात्री आईने वही काढली, क्षणभर थांबली, आणि पाचवी आडवी रेघ ओढली.

(दृश्य : रस्त्याकडेची घरं. लाल पानं.)

धुळीबद्दलही बोललं पाहिजे. आम्हा ट्रकवाल्यांना ते आवडत नाही. काजूची पानं लाल, कौलं लाल, दोरीवरचे कपडे लाल. तुळस आई रोज संध्याकाळी तांब्याभर पाण्याने धुवायची, सकाळी पुन्हा तीच कळा. रस्त्याकडेच्या घरांतल्या बायका आमच्याकडे ज्या नजरेने बघायच्या ती मी ओळखून होतो, कारण आमचंही घर रस्त्याकडेलाच. 2017 च्या एप्रिलमध्ये सत्तरी तालुक्यातल्या सोनशी गावच्या लोकांनी ट्रक अडवले, अटक झाली त्यांना. तेव्हा ट्रकवाल्यांत त्यांना शिव्या घालणारे पुष्कळ होते. मी गप्प होतो. गप्प राहणं काही फार मोठी गोष्ट नव्हे.

पावसाळ्यात काम थंड असायचं. गाड्यांचे पाटे बदलायचे, ग्रीस भरायचं, हौद्यांना रंग द्यायचा. 2012 च्या सप्टेंबरात सातही गाड्या रंगवून तयार होत्या, इन्शुरन्स भरलेला. 10 तारखेला राज्य सरकारने खाणी थांबवल्या. चवथीला, गणेशचतुर्थीला, नऊ दिवस राहिले होते. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना काका म्हणाले, दिवाळीपर्यंत सुरू होईल. 5 ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाचाही आदेश आला. 2014 मध्ये बंदी उठली, उत्खननाला मर्यादा घालून. पुन्हा थोडी धावाधाव, मग 2018 च्या फेब्रुवारीत कोर्टाने 88 लिझेस, म्हणजे खाणींचे भाडेपट्टे, रद्द केली आणि मार्चच्या मध्याला सगळं पुन्हा ठप्प.

पहिल्या बंदीत चार गाड्या गेल्या, दुसरीत दोन. एक चुलतभाऊ आखातात ड्रायव्हर आहे. तिथल्या टिपरला एसी असतो, असं फोनवर सांगतो.

(दृश्य : तोच टिपर. हौद्यात चिरे.)

हा मी ठेवला. चिरे, माती, खडी, कुणाचं घर बांधायचं असेल तिकडे. खाणी पुन्हा सुरू होताहेत, मुलं विचारतात घेऊया का आणखी एक. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

बाबांना आता कमी ऐकू येतं. संध्याकाळी गाडी अंगणात वळली की खुर्चीतूनच विचारतात, "कितल्यो जाल्यो?"

मी दोन बोटं दाखवतो.

ते मान हलवतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात.