हाडकुळा नाही हो, तो पळणारा आहे

नमस्कार मंडळी. आपल्या इंदूरात कारवानी किंवा ग्रेहाउंड जातीचा कुत्रा घेऊन कोणी फिरायला निघालं ना, की हटकून विचारतात, अहो याला खायला घालता की नाही, बरगड्या मोजता येतायत. मग बिचारा मालक ऐकून ऐकून त्याला तूप-पोळी चारायला लागतो आणि वर्षभरात त्या कुत्र्याची वाट लागते. म्हणून आज आधी हे शरीर समजून घेऊ.

ग्रेहाउंड ताशी ६५ ते ७० किलोमीटर वेगाने पळतो, म्हणजे उसेन बोल्टचा सगळ्यात जास्त वेग ४४-४५ होता त्याच्या दीडपट. हे फक्त लांब पायांमुळे होत नाही, खरी गंमत पाठीत आहे. त्याचा स्लो मोशनचा व्हिडिओ बघा एकदा. पाठ धनुष्यासारखी वाकते, मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे येऊन पडतात, मग पाठ एकदम सरळ होते आणि अख्खा कुत्रा लांब फेकला जातो. एका ढांगेत चारही पाय दोनदा हवेत असतात, एकदा अंग आखडलेलं असताना आणि एकदा पूर्ण ताणलेलं असताना. घोड्याचे एकदाच असतात. चित्ता मात्र असाच पळतो. शिवाय कुत्र्याला आपल्यासारखं गळ्याजवळचं हाड जवळजवळ नसतंच, खांदा नुसत्या स्नायूंवर टांगलेला, त्यामुळे तो पुढेमागे सरकतो आणि ढांग अजून वाढते.

आता छाती. खोल आणि अरुंद, कारण आत मोठं हृदय बसवायचंय, शरीराच्या मानाने ते इतर कुत्र्यांपेक्षा मोठंच असतं. रक्तात तांबड्या पेशीही जास्त, आणि पळताना प्लीहा (पोटातलं रक्त साठवणारं इंद्रिय) आकसून साठवलेल्या पेशी रक्तात सोडते. चरबी जवळपास नाहीच. म्हणून शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हे त्याचं निरोगी वजन आहे, उपासमार नाही, हे शेजाऱ्यांना ठणकावून सांगा.

पण ग्रेहाउंडचं हे बळ अर्ध्या-एक मिनिटाचं. आपला कारवानी, ज्याला मुधोळ पण म्हणतात, तो इतका वेगवान नसेल पण दखनच्या माळावर लांब पळायला तोच टिकतो आणि ऊन पण जास्त सोसतो. कर्नाटकातल्या मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जपली, २००५ मध्ये पोस्टाने तिच्यावर तिकीट काढलं, २०१६ मध्ये सैन्याने मेरठच्या आपल्या श्वान प्रशिक्षण केंद्रात पिल्लं नेली, आणि आपण इथे फ्लॅटमध्ये बर्फाळ प्रदेशातला हस्की आणून एसी लावतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. मला विचाराल तर पळणारा कुत्रा हवा असेल तर कारवानीच घ्या.

फक्त सशामागे सोडू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. मोकळं पण कुंपण असलेलं मैदान शोधा, कारण हे कुत्रे वासापेक्षा नजरेवर चालतात, लांब काही हललं की सुटले, मग हाक ऐकत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पहाटेच पळवा, जोरात पळाल्यावर अंगाचं तापमान ४१ डिग्रीच्या वर जाऊ शकतं.

आणि ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना जात आधी सांगा. भुलीची काही औषधं ग्रेहाउंडच्या शरीरातून फार हळू उतरतात, आणि तांबड्या पेशी जास्त, थायरॉइड कमी असा रिपोर्ट आला तरी त्याच्यासाठी तो नॉर्मल असू शकतो, उगाच गोळ्या सुरू करून घेऊ नका.