आठवडा गेला कुठे?

मंडळी, आज छंदाबद्दल आणि त्याला न मिळणाऱ्या वेळेबद्दल बोलायचंय. पण आधी सांगा, मागच्या मंगळवारी संध्याकाळी तुम्ही काय करत होतात? आठवून बघा. फोन काढायचा नाही! बहुतेकांना सांगता येणार नाही, आणि त्यात स्मरणशक्तीचा दोष नाही. मंगळवार सोमवारसारखाच गेला असेल, तर मन दोघांना वेगवेगळं जपून ठेवायच्या भानगडीत पडत नाही. काही निराळं घडलं असेल तेवढंच शिल्लक राहतं.

गंमत पुढेच आहे. ज्या आठवड्यातलं धड काही आठवत नाही, त्याचा निकाल मात्र आपण रविवारी रात्री ठणकावून देतो. ‘फुकट गेला आठवडा.’ हा निकाल कशावर दिला? मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1993 सालचा एक प्रयोग आहे. लोकांना 14 अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात 60 सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्या वेळी तेच 60 सेकंद, आणि वर आणखी 30. त्या जादा वेळात पाणी हळूहळू जेमतेम एका अंशाने कोमट केलं. मग विचारलं, यातलं एक पुन्हा करायचं तर कोणतं? बहुतेकांनी लांबलेलं निवडलं. म्हणजे जास्त त्रास पत्करला, कारण शेवट जरा बरा होता. आपण काळ किती होता हे मोजत नाही. सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट, एवढ्यावरच मत बनवतो. आता आठवड्याचा शेवट म्हणजे रविवारची संध्याकाळ. सोमवारची सावली तिच्यावर आधीच पडलेली. त्या वेळी दिलेला निकाल अख्ख्या आठवड्याचा कसा असेल?

मुळात आठवडा ही निसर्गाची वस्तू नव्हे. दिवस पृथ्वी फिरते म्हणून, महिना चंद्रामुळे, वर्ष सूर्यामुळे. सात दिवसांना असा कुणी आकाशातला मालक नाही. माणसांनी ठरवलं आणि पाळलं. ते मोडायचे प्रयत्नही झाले. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर 1793 साली नवी कालगणना आणि तिच्यात दहा दिवसांचा आठवडा आणला. 1806 च्या सुरुवातीला ती कालगणनाच गुंडाळावी लागली. सोव्हिएत संघाचा प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. कारखाने एकही दिवस बंद राहू नयेत म्हणून 1929 साली पाच दिवसांचा आठवडा केला. कामगारांचे पाच गट, प्रत्येकाला एक रंग, प्रत्येकाची सुट्टी वेगळ्या दिवशी. कागदावर सुट्ट्या वाढल्या, कारण आता दर पाचव्या दिवशी सुट्टी! पण नवऱ्याची एका दिवशी, बायकोची दुसऱ्या दिवशी, मित्राची तिसऱ्याच. लोक वैतागले. पुढे सहा दिवसांचाही आठवडा करून पाहिला, आणि 1940 मध्ये पुन्हा सातावर आले.

छंदाबद्दल बोलताना हे का सांगतोय? कारण ‘छंदाला वेळ मिळत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा वेळ असतो. जोडीला माणूस नसतो. बुद्धिबळाला समोर कुणी लागतं. गाणाऱ्याला साथ लागते. एकट्याने करायचं चित्रसुद्धा दाखवायला कुणी असलं की पुढे सरकतं. म्हणून आठवडा आखताना ‘मला किती तास मोकळे आहेत’ यापेक्षा ‘आम्ही दोघं एकाच वेळी कधी मोकळे आहोत’ हा प्रश्न जास्त कामाचा.

आणि त्या छंदाला कृपा करून प्रगतिपुस्तक लावू नका. किती पानं वाचली, किती सूर सुधारले, हे मोजायला लागलात की तीही एक नोकरीच झाली, तीही बिनपगारी.

प्रगतीचं म्हणाल, तर ती सात दिवसांत दिसावी हा हट्टच चुकीचा आहे. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांच्या नव्या सवयींचा 12 आठवडे मागोवा घेतला. त्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत निघाला. मधला आकडा 66. त्यातली दिलासा देणारी बाब म्हणजे मध्ये एखादा दिवस चुकला तरी विशेष बिघडलं नाही.

अमेरिकेचे मुत्सद्दी आणि लेखक बेंजामिन फ्रँकलिन यांची स्वतःला सुधारायची पद्धत पुष्कळांना ठाऊक असेल. तेरा सद्गुण, दर आठवड्याला एकावर भर, वर्षात चार फेऱ्या. चूक झाली की वहीत काळा ठिपका. एका वेळी एकच गोष्ट धरायची, हे त्यातलं शहाणपण मला पटतं. काळे ठिपके मात्र पटत नाहीत. ज्या वहीत फक्त चुकाच नोंदवल्या जातात, ती उघडायला कोण उत्साहाने बसेल? खुद्द फ्रँकलिन यांच्या फेऱ्या पुढे वर्षाला एकीवर आल्या, आणि कामाच्या व प्रवासाच्या धबडग्यात अखेर सुटल्या.

त्यापेक्षा रोज दोन ओळी लिहा, पण विशेषणं वगळून. ‘छान’, ‘कंटाळवाणा’, ‘वाया’ असले शब्द नकोत. कोण भेटलं, हाताने काय केलं, कुठे अडलं, एवढंच. आणि त्या ओळी एकत्र वाचायच्या असतील तर शनिवारी सकाळी वाचा. रविवारी रात्री नको. त्या वेळी तुम्ही न्यायाधीश म्हणून लायक नसता, आणि मीही नसतो.