मडकं कच्चं आहे : नामदेवांची तेर ते घुमान वाट

[दृश्य : तेर. तेरणा नदीचा काठ, गोरोबाकाकांचं समाधी मंदिर.]

धाराशिव जिल्ह्यातलं हे तेर. दोन हजार वर्षांपूर्वी याचं नाव तगर होतं आणि इथला माल भडोच बंदरात जाऊन जहाजावर चढायचा. अभ्यासक त्या तगरच्या खुणा शोधत येतात. बाकी सगळे येतात ते गोरोबाकाकांसाठी, म्हणजे संत गोरा कुंभारांसाठी. आपणही त्यांच्याच दारात उभे आहोत, कारण मराठी मुलखातली एक मोठी फजिती इथे झाली, असं परंपरा सांगते. फजिती झाली ती संत नामदेवांची.

संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली होती. ज्ञानदेव, निवृत्तिनाथ, सोपान, मुक्ताई, नामदेव. मुक्ताईचं लक्ष थापटण्याकडे, मडकी थापटायच्या लाकडी फळीकडे गेलं. हे कशाचं, असं तिने विचारलं. याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं, असं काका म्हणाले. मग आम्हीही मडकीच आहोत, बघा आमच्यात कच्चं कोण, असं मुक्ताईने सुचवलं. वयाने सगळ्यांत लहान, पण बोलायला कुणाला ऐकायची नाही.

[दृश्य : कुंभाराचे हात. अर्धवट सुकलेलं मडकं, थापटण्याचे ठोके.]

कुंभाराला विचाराल तर तो हसेल. थापटण्याचं काम भाजण्याच्या आधीचं. चाकावरून उतरलेलं मडकं थोडं सुकलं की आतून दगडी गोळ्याचा आधार द्यायचा आणि बाहेरून थापटत त्याचं पोट फुगवायचं, भिंत पातळ करायची. भाजलेलं मडकं पारखायला टिचकी पुरते. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कच्चं. कथाकारांनी टिचकीच्या जागी थापटणं दिलं. बरंच केलं, कारण टिचकीने कुणाचा अहंकार दुखावत नाही.

काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. सगळे गप्प बसले. नामदेवांची पाळी आली तशी ते चिडले. पाहुण्यांना ही वागणूक? काकांनी निकाल दिला : हे मडकं कच्चं आहे.

आता कच्चं म्हणजे काय, ते नीट बघितलं पाहिजे. भक्तीत नामदेव कुठे कमी होते? त्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठल खायचा, त्यांच्याशी बोलायचा, अशी त्यांची ख्याती. खोट नेमकी तिथेच होती. विठ्ठल माझा, मी त्याचा लाडका, आणि तो राहतो पंढरपुरात, विटेवर. इतका जवळचा देव असल्यावर तो आणखी कुठे असेल, हे बघायची गरजच काय!

नामदेव धावत पंढरपूरला गेले, विठ्ठलाकडे गाऱ्हाणं घेऊन. आणि विठ्ठलाने काकांचीच बाजू घेतली. गुरू कर म्हणाला, औंढ्याला विसोबा खेचरांकडे जा. भक्ताला आपल्याच दारातून दुसऱ्याच्या दारी धाडणारा देव आमच्या संतकथांखेरीज फारसा कुठे भेटत नाही.

[दृश्य : औंढा नागनाथ. मंदिराचा काळ्या दगडातला खालचा भाग, हत्तींचे थर.]

पंढरपूरहून औंढा आजच्या रस्त्याने 300 किलोमीटरहून जास्त. गंमत अशी, की नामदेवांचं जन्मगाव म्हणून ज्याचा मान आहे ते नरसीही याच हिंगोली जिल्ह्यातलं. गुरू शोधायला निघालेला माणूस आपल्याच मुलखात परत आला.

यादवकाळातलं हे शिवमंदिर. सभामंडप प्रशस्त आहे, पण गाभारा खाली, जमिनीच्या पोटात. अरुंद वाटेने, अंग चोरून, वाकून उतरावं लागतं. वर कितीही मोठा असलेला माणूस या वाटेत लहान होतोच. आत छत इतकं खाली की सरळ उभं राहायची सोय नाही.

इथे नामदेवांना काय दिसलं? एक म्हातारा आडवा पडलेला, पाय थेट पिंडीवर. वैष्णव असले तरी नामदेवांना ते सहन होईना. पाय काढा म्हणाले. विसोबा म्हणाले, बाबा, मी थकलोय, जिथे देव नाही तिथे तूच उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलले, बाजूला ठेवले. तिथे पिंड. पुन्हा उचलले. तिथेही पिंड.

ही कथा चमत्काराची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातला शारीरिक भाग जास्त भिडतो. एका म्हाताऱ्याचे धुळीचे पाय हातात धरून नामदेव उभे आहेत आणि ते टेकवायला त्यांना जागा सापडत नाही. पाय कुठेच ठेवता येत नसतील, तर मग हे पाय धरणारे हात कुणाचे, ते धरणारा कोण? इथून पुढे देव बाहेरच आहे असं मानायला वावच उरला नाही.

आणि शिकवणारा कोण, तर विसोबा. ज्ञानदेवांना आणि त्यांच्या भावंडांना एके काळी छळणारा, मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून आडवा आलेला माणूस, असंच परंपरा त्यांना ओळखते. जो स्वतः कच्चा होता, त्यालाच कच्चेपण ओळखता आलं.

[दृश्य : मंदिराची मागची बाजू. नंदी.]

औंढ्यात नंदी मंदिराच्या मागे आहे. गावकरी सांगतात, नामदेवांचं कीर्तन चालू असताना पुजाऱ्यांनी त्यांना मागे हाकललं, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. देऊळ फिरण्याची ही आठवण नामदेवांच्याच एका पदात आहे, आणि ते पद जपलं आहे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात. छिप्याच्या, म्हणजे शिंप्याच्या, जातीत मला जन्माला का घातलंस, असं ते देवाला विचारतात. कांबळं उचलून देवळामागे जाऊन बसल्याचं सांगतात. देव आत सापडलेल्या माणसालाही देवळातून उठवलं जातं, हे त्या पदाने लपवलेलं नाही.

'देव अंतरी आहे' हे वाक्य आपल्याकडे घरात बसून राहायला फार सोयीचं झालंय. नामदेवांचं उलट झालं. ते आणखी चालले. ज्ञानदेवांनी 1296 मध्ये आळंदीला समाधी घेतली. त्यानंतर नामदेव उत्तरेकडे गेले, पंजाबात बराच काळ राहिले. गुरुदासपूर जिल्ह्यातलं घुमान हे गाव त्यांच्या नावाने ओळखलं जातं. 88वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 2015 मध्ये तिथेच भरलं होतं. नामदेवांनी देह कुठे ठेवला, यावर मात्र एकमत नाही. पंजाब घुमान म्हणतो. आपण पंढरपूर म्हणतो, आणि महाद्वारातल्या नामदेव पायरीवर पाय पडू नये म्हणून वारकरी ती ओलांडून आत जातात.

[दृश्य : घुमान. गुरुद्वारा, शबद कीर्तन.]

गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदं मानली जातात. त्यातलं एक विचारतं, एका दगडावर भक्ती करायची आणि दुसऱ्यावर पाय ठेवायचा, हे कसं? तो देव असेल तर हाही देवच. औंढ्याच्या गाभाऱ्यात शिकलेला धडा तो, शब्द बदलून.

आणि आसा रागातल्या एका पदात नामदेव आपल्या जुन्या देवालाच हाक मारतात. 'ईभै बीठलु, ऊभै बीठलु, बीठल बिनु संसारु नही.' इकडे विठ्ठल, तिकडे विठ्ठल, विठ्ठलावाचून संसारच नाही. ज्याला ते एका विटेवर बघत होते, तो विठ्ठल त्यांनी सोडला नाही, फक्त त्याच्याभोवतीचं कुंपण काढलं. चंद्रभागा न पाहिलेली माणसं आजही गुरुद्वाऱ्यात हे पद गातात.