राजीनाम्यानंतरचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या मंत्र्यावर गंभीर आरोप होतो, आठ-दहा दिवस गदारोळ चालतो, राजीनामा येतो आणि प्रकरण संपल्यासारखं आपण वागू लागतो. मला आज बोलायचं आहे ते त्या राजीनाम्यानंतरच्या वर्षांबद्दल. त्यासाठी आपल्याच राज्यातलं एक प्रकरण घेते, बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचं.

अंतुले जून 1980 मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. परवाना असल्याशिवाय ते सरकारी दराने मिळत नसे. साधा माणूस घराच्या दुरुस्तीसाठी पोत्या-दोन पोत्यांच्या परवान्यासाठी खेटे घालायचा. आणि मुंबईतल्या बिल्डरांना मात्र, मुख्यमंत्र्यांनी काढलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला देणग्या दिल्या की सिमेंट मिळतं, असा आरोप 1981 च्या ऑगस्टअखेर वर्तमानपत्रातून झाला. प. बा. सामंत आणि इतर काही जण उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी 12 जानेवारी 1982 रोजी निकाल दिला. देणग्या आणि सिमेंटचं वाटप यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला आणि अंतुल्यांना पद सोडावं लागलं. जे.जे. रुग्णालयातल्या भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे झालेल्या मृत्यूंची चौकशी पुढे याच न्यायमूर्तींनी केली. अशा माणसांची नावं लक्षात ठेवायला हवीत.

इथपर्यंतची गोष्ट आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. पुढची फारशी कोणी सांगत नाही.

भाजपचे मुंबईतले नेते रामदास नायक यांनी फौजदारी तक्रार केली होती. मुख्यमंत्री पदावर असताना त्यांच्यावर खटला भरायचा तर राज्यपालांची मंजुरी लागत होती. ती नव्हती म्हणून पहिली तक्रार फेटाळली गेली. राजीनाम्यानंतर, जुलै 1982 मध्ये, राज्यपालांनी मंजुरी दिली. मग नवा मुद्दा निघाला: अंतुले आता मुख्यमंत्री नसले तरी आमदार आहेत, आमदार हाही लोकसेवक, म्हणून त्याचीही वेगळी मंजुरी हवी. विशेष न्यायाधीशांनी 1983 मध्ये हे मान्य करून त्यांना मुक्त केलं.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 16 फेब्रुवारी 1984 रोजी हा निकाल फिरवला. न्यायालयाने म्हटलं ते थोडक्यात असं: ज्या पदाचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे ते पद आरोपीकडे आता नसेल, तर मंजुरीची गरज नाही. पदावरच्या माणसाला ऊठसूट खटल्यांपासून संरक्षण मिळावं हे ठीक. पण खुर्ची सोडली की ते संरक्षणही सुटतं. देशातल्या प्रत्येक माजी मंत्र्याला लागू होणारा हा विचार महाराष्ट्रातल्या एका खासगी तक्रारीतून आला, याचा मला अभिमान वाटतो.

पण खटला? त्याच निकालात तो उच्च न्यायालयाकडे सोपवला होता. 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच सात न्यायाधीशांच्या पीठाने ते सोपवणं चुकीचं ठरवलं आणि कितीतरी वर्षांचं काम पुन्हा मागे गेलं. रामदास नायक यांची 1994 मध्ये वांद्र्यात गोळ्या घालून हत्या झाली. त्या हत्येचा या खटल्याशी संबंध कोणी जोडू नये, पण फिर्यादी गेला हे खरं. अंतुल्यांना शिक्षा झाली नाही. ते केंद्रात आरोग्यमंत्री झाले, नंतर अल्पसंख्याक व्यवहार मंत्री झाले आणि 2014 मध्ये वारले. ते दोषी होते की निर्दोष, याचा वेळेवर, स्पष्ट निवाडा जनतेला मिळाला नाही, आणि त्यांनाही मिळाला नाही. त्यांच्यावर प्रेम करणारी माणसं कोकणात आजही आहेत. हा अन्याय त्यांच्यावरही झाला, असं मला वाटतं.

आता आजच्या कायद्याकडे या. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली दुरुस्ती झाली. तिच्यामुळे मंजुरीचं संरक्षण माजी लोकसेवकांनाही मिळालं: गुन्हा घडल्याचं सांगितलं जातं त्या वेळी तो पदावर असेल, तर नंतरही मंजुरी लागणार. म्हणजे 1984 साली उघडलेलं दार बंद झालं. कारण सांगितलं गेलं की प्रामाणिक अधिकारी निवृत्तीनंतर हकनाक कोर्टाच्या पायऱ्या चढतात. अधिकाऱ्यांपुरतं मला हे पटतं. फायलीवर सही करायची भीती वाटली की कामं अडतात, हे आपण पाहतो. पण मंत्री स्वतः सत्ता मागून घेतो, मतं मागून घेतो. माजी मंत्र्याला आणि निवृत्त कारकुनाला एकच कवच देणं मला मान्य नाही. माजी मंत्र्यांचं हे संरक्षण काढून घ्यावं, ही माझी ठाम मागणी आहे.

तोवर निदान एवढं तरी व्हावं. मंजुरीचा निर्णय तीन महिन्यांत, फार तर आणखी एका महिन्यात देण्याचा प्रयत्न करावा, असं हा कायदाच सांगतो. तो निर्णय कारणांसह जाहीर करावा, आणि मंजुरी नाकारली तर जास्तच सविस्तर. कारण आज रामदास नायकांसारखा एखादा नागरिक पुढे आला, तर त्याला थेट मंजुरी मागताच येत नाही. आधी कोर्टात तक्रार द्यायची, कोर्टाने ती फेटाळली नाही आणि मंजुरी आणायला सांगितलं, तरच अर्ज करायचा, आणि मग उत्तराची वाट पाहायची. त्या नागरिकाला उत्तर कोणत्या तारखेला मिळेल, एवढं तरी आपल्या लोकप्रतिनिधींनी सभागृहात विचारावं.

नमस्कार.